गुडघाभर धान

शेतात तणस, म्हणजे भाताचा पेंढा, जाळल्याचा वास रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या आमच्या गच्चीपर्यंत आला, की ती बाई आठवते. स्वातंत्र्याला वीस वर्षंही झाली नव्हती. मी शेतीखात्यात नवा होतो, आणि रायपूरजवळच्या एका गावात माझ्याच हट्टापायी तिने नवं, बुटकं धान लावलं होतं. दाणा भरपूर आला, तणस मात्र जेमतेम गुडघाभर. कापणीच्या दिवशी सारा पारा, सगळी वस्ती, बघत असताना तिने एक पेंढी माझ्या तोंडावर फेकली. "मोर बइला का खाही? तैं बता!" तिच्या बैलांनी काय खायचं, ते मी सांगावं म्हणे. मी चिडून ओरडलो, "तेरे बैलों के लिए देश भूखा मरे क्या?" ती माझ्या पायाशी थुंकली आणि विळा घेऊन पुन्हा कापायला वाकली. उन्हाळ्यात तिने बैल विकल्याचं कळलं. मी अहवालात 'प्रयोग यशस्वी' लिहिलं आणि त्या गावात पुन्हा पाऊल टाकलं नाही. माझ्याकडे उत्तर नव्हतं म्हणूनच मी ओरडलो, हे कबूल करायला मला म्हातारपण लागलं.