अ‍ॅप हवं की नुसती लिंक

नोएडातल्या आमच्या विहारात रविवारी वंदना झाली की काही निवृत्त अधिकारी स्पर्धा परीक्षेच्या मुलांच्या सराव-मुलाखती घेतात. दिल्लीतल्या मुनिरक्याच्या भाड्याच्या खोल्यांतून मराठी मुलंमुली त्यासाठी येतात. त्यांच्या वेळा ठरवायला अ‍ॅप करून द्यायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं. ऑफिसात दिवसभर दुसरं काय करते मी!

मुलाखती घेणाऱ्यांतले सगळ्यात ज्येष्ठ काका गुरुग्रामहून यायचे. ते म्हणाले, अ‍ॅप कशाला, साधी वेबसाइट कर, लिंक दाबली की कुणाच्याही फोनवर उघडेल. मला रागच आला. नेट गेलं की बसा हातावर हात ठेवून! अ‍ॅप कसं फोनमध्येच असतं, झटकन उघडतं, वेळेची आठवण करून देतं. शिवाय कुणी दोनदा वेळ घेऊ नये म्हणून एका फोनवर एकच उमेदवार, असा बंदोबस्तही मी केला होता. सगळ्यांनी वाहवा केली आणि मी जरा हवेतच गेले.

एका रविवारी शेवटची मुलाखत आटोपली तरी एक मुलगी मागे भिंतीशी बसूनच होती. कुणी गैरहजर राहिलं तर आपला नंबर लागेल, या आशेवर. मराठवाड्यातल्या खेड्यातली, खरी मुलाखत मंगळवारी, आणि सराव एकदाही नाही. वेळ का नाही घेतलीस, असं मी जरा दरडावूनच विचारलं. तिने पिशवीतून बटणांचा फोन काढून दाखवला. अभ्यासात लक्ष राहावं म्हणून मोठा फोन तिने गावी भावाला देऊन टाकला होता. मुनिरक्यात बरीच मुलं असंच करतात म्हणे. रूममेटच्या फोनवरून प्रयत्न केला, पण त्यावर रूममेटचं नाव आधीच होतं, त्यामुळे माझ्या बंदोबस्ताने हिला दारातच अडवलं. लिंक असती तर तिथल्या तिथे काम झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

विहार बंद करायची वेळ झाली होती. काका म्हणाले, चल, मेट्रोत घेतो तुझी मुलाखत. माझं घर जवळच, तरी मीही त्यांच्याबरोबर गाडीत चढले. गर्दीत दांडा धरून ती उत्तरं देत होती. आधी आवाज कापत होता, निम्मा रस्ता सरेपर्यंत अगदी खणखणीत झाला. हौज खासला काका गुरुग्रामची गाडी धरायला उतरणार होते. त्याआधी त्यांनी शेवटचा प्रश्न टाकला: सरकारी योजनेसाठी अ‍ॅप बरं की वेबसाइट?

तिने दोन्ही बाजू मुद्देसूद मांडल्या. जिथे नेट टिकत नाही तिथे अ‍ॅप, जिथे कुणालाच वगळून चालणार नाही तिथे वेबसाइट.

"आणि या ताईंचं अ‍ॅप कसं आहे?" काकांनी विचारलं.

ती माझ्याकडे बघून अवघडली. टोमणा मारायचं तिच्या मनातही नव्हतं.

"चांगलंच असेल, सर. मला आत जाता आलं नाही."