साडभाऊंचा मोकळा डाव

अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांतील समस्त जनतेस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, हातातले पत्ते टाकून देण्यात माझ्या अकोल्याच्या साडभाऊंची बरोबरी करणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. वाईट पत्ते तर ते टाकतातच, पण बरे टाकतात आणि चांगलेही संशय घेऊन टाकतात. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, राहणार जठारपेठ. सारी नोकरी बियाणे तपासण्यात गेली. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, किती उगवले ते मोजायचे आणि कमी भरले की सगळा माल नापास. निवृत्तीनंतर बियाणं सुटलं, नापास करणं सुटलं नाही. चांदूर बाजारात संत्री घ्यायला गेले, तर एकेक फळ दाबून, हुंगून, कानाशी धरून दीड तासाने तीन संत्री घेऊन परतले, आणि त्यातल्या एकाविषयी गाडीत फेरविचार सुरू होता. आमच्याकडे अमरावतीला येताना दोन बस सोडतात. पहिलीत गर्दी असते, दुसरीचा ड्रायव्हर त्यांना "झोपल्यावानी दिसते." चौतीस वर्षांपूर्वी चौदा मुली पाहून झाल्यावर पंधराव्या घरीही त्यांनी विचाराला वेळ मागितला. तेव्हा ती पंधरावी, म्हणजे आमची ताई, आतल्या दारातून म्हणाली, "इचार काय करता, पोहे तं दोनदा घेतले."

तर अशा माणसाला त्यांच्याच मुलाने हैदराबादहून येऊन पोकर शिकवला. तेव्हापासून दर दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, आमच्या घरी दुपारी स्पर्धा भरते. आम्ही दोन जोडपी आणि शेजारचे मास्तर. प्रत्येकाला शंभर चिंचोके. दर डावाला दोघांनी पाळीपाळीने काही चिंचोके पत्ते पाहण्याआधीच मांडायचे, आणि हा भुर्दंड दर अर्ध्या तासाने दुप्पट होतो. पाचला चहा होतो, तेव्हा ज्याच्यापुढे ढीग मोठा तो जिंकला. बक्षीस म्हणजे सासऱ्यांचा पितळी गडवा. विजेत्याचं नाव कासाराकडून त्यावर ठिपक्यांनी कोरून घ्यायचं. सात वर्षांत ताईचं नाव तीनदा लागलं, माझं दोनदा, माझ्या बायकोचं आणि मास्तरांचं एकेकदा. साडभाऊंचं एकदाही नाही.

त्याला कारण त्यांचं तत्त्व. "सुरवातीले घाई कायची? ओल किती खोल गेली ते पाह्याचं, मंग पेराचं," असं म्हणून पहिला तासभर ते नुसते पत्ते टाकत राहतात. ताईची तऱ्हा उलटी. ती प्रत्येक डावात उतरते, हातात काहीही असो. "आता सस्त्यात पाह्याले भेटून राह्यलं तं पाहून घ्या, महाग झाल्यावर काय पाहान?" एका वर्षी साडभाऊंना सुरुवातीलाच एक्क्यांची जोडी आली. त्यांनी चष्मा पुसला, पाठ ताठ केली आणि सगळे चिंचोके पुढे सरकवले. हा माणूस खेळतोय म्हणजे काय असेल हे आम्हा चौघांना कळायला क्षणही लागला नाही. चौघांनी पत्ते टाकले. ताईने तेवढे पाहून मग टाकले. साडभाऊंच्या पदरी आधी मांडलेले तेवढे तीन चिंचोके पडले. त्या तीन चिंचोक्यांकडे ते इतका वेळ बघत बसले की मास्तरांनी उठून पाणी आणलं.

यंदाची दिवाळी शेवटची. पुढच्या महिन्यात दोघं मुलाकडे कायमची हैदराबादला निघाली आहेत. जेवताना साडभाऊ म्हणाले, "गडव्यावर नाव नाई पडलं तं मी या घरात येऊन गेलो हे कोनाले समजीन? आज मी मोकळा खेळनार."

"तुमी अन् मोकळे," ताई म्हणाली. "भाजी घ्या."

आम्ही कोणीच ते मनावर घेतलं नाही. पहिल्याच डावात साडभाऊंनी ढीग पुढे लोटला. आम्ही निमूट बाजूला झालो. दुसऱ्यात पुन्हा तेच. मी राणीची जोडी टाकली; त्यांच्याकडे चौकी आणि नव्वी होती हे मागाहून कळलं. सात वर्षं पत्ते टाकून जो दरारा साठवला होता, तो ते एका दुपारी उधळत होते. वाढत्या भुर्दंडात आम्हा तिघांचे चिंचोके संपले आणि पाचला दहा कमी असताना खेळात उरले फक्त नवराबायको. ढीग बरोबरीचे, डाव शेवटचा.

साडभाऊंनी सगळं पुढे सारलं आणि डाव्या कानाची पाळी चोळू लागले. पाळी लालबुंद झाली होती. ताईने आपले पत्ते पाहिले, मग ती पाळी पाहिली. आमच्या टेबलावर सहसा एकही डाव न सोडणारी, जिंकायला आलेली ही बाई. तिने पत्ते उलटे ठेवले. "राहू द्या. घ्या तुमीच." आणि चहा ठेवायला आत गेली.

साडभाऊंनी सत्ती आणि दुर्री, म्हणजे पोकरातले सगळ्यांत रद्दी पत्ते, आमच्यापुढे अशी मांडली की जणू नवं वाण शोधलंय. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या बायकोने गडवा आणून दाखवला, ताईच्या तिसऱ्या नावाखाली नेमकी एका नावाची जागा होती. साडभाऊंनी त्या जागेवरून बोट फिरवलं. मग सवयीने, टाकलेला मालही तपासावा म्हणून, त्यांनी ताईचे पत्ते उलटले.

दोन बादशहा.

आत कपबशा वाजत होत्या. साडभाऊ ते दोन पत्ते हातात धरून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले, उंबऱ्यावर थांबले आणि आम्ही सगळे बसलो आहोत हे विसरून म्हणाले, "मंग चौतीस वर्सं तू हेच करून राह्यली होती काय?"