बिनसोंडेचा हत्ती

मी आज जो काही आहे, तो जाधव सरांमुळे. म्हैसूरच्या राजांची हातोड्याने ठोकलेली तांब्याची नाणी त्यांनी आम्हाला फळ्यावर खडूने काढून शिकवली. खरं नाणं त्यांनी कधी हातात घेतलेलं नव्हतं.

म्हणून लीड्सच्या मार्केटमध्ये तसलं नाणं दिसताच मी सरांसाठी घेतलं. तिथला स्टॉलवाला माझा दर शनिवारचा ओळखीचा. आईवडील मराठी डॉक्टर, हा जन्मापासून इथलाच, मराठी मोडकंतोडकं. नाण्याला बोट लावत नाही, पेन्सिलने दाखवतो. ‘बघा, हत्ती थोडा बाहेर गेला. ठोकणाऱ्याला घाई होता.’

घरी मी ते नाणं चिंच-मीठ लावून देवाच्या तांब्यासारखं लख्ख घासलं आणि कौतुकाने त्याला दाखवायला नेलं. त्याने पेन्सिल खाली ठेवली.

‘अहो, हे काय केलं तुम्ही?’

काळपट थराबरोबर हत्तीची सोंडही गेली होती. ज्याच्याबरोबर नाणं सरांना पाठवायचं होतं, तो मित्र दुसऱ्याच दिवशी गावी निघणार होता.

त्याने डब्याच्या तळातून तसंच एक लख्ख, बिनसोंडेचं नाणं काढून माझ्या नाण्याशेजारी ठेवलं. ‘माझा फर्स्ट कॉइन. आईने धुतला. सेम चिंच.’ मग दोन्ही डब्यात टाकून त्याने माझ्यापुढे एक काळं नाणं सरकवलं. ‘स्वॅप. सरांना द्या.’

त्या संध्याकाळी मी चिठ्ठी लिहिली: ‘सर, तुमचा फळ्यावरचा हत्ती पाठवत आहे. सोंड दिसली नाही तर उन्हात तिरका धरा. काकूंना मात्र सांगा, देवांबरोबर याला घासायचं नाही.’