फडक्याचा उजेड

मी डोंबिवलीच्या मानपाड्याहून निघाले तेव्हा दुपारचे दोन वाजलेले. खाली टॅक्सीवाला हॉर्न देतोय आणि वर आई बॅगेवर गुडघा रोवून चेन ओढतेय. बॅग बंद का होत नव्हती? तर आत किलोभर फडकी. हो, फडकी. बाबांचे जुने पांढरे बनियन, धुऊन धुऊन सायीसारखे मऊ झालेले, कात्रीने चौकोनी कापून, घड्या घालून पिशवीत भरलेले. "काचेचं काम ना तुझं? असलं मऊ कापड तिकडे कुठे मिळायला बसलंय," आई म्हणाली. मी वैतागले. अगं, जर्मनीला चाललेय, जंगलात नाही. तिने ढिम्म ऐकलं नाही.

बाहेर पॅसेजमध्ये अख्खा मजला जमलेला. शेजारच्या काकूंनी जयभीम केला, हातावर पेढा ठेवला. आणि बाबांची मोठी बहीण, आमची आत्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "एकुलती एक पोर, आणि आईबापाला टाकून चालली." बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नि म्हणाले, "जा. उशीर नको करू."

सात वर्षं झाली. त्या टोमण्याला मी रोज मनातल्या मनात उत्तर देते, आंघोळ करताना, सायकल चालवताना. आज कागदावर देते. घरी राहिलेल्यांनो, वाचा. आणि माझ्यासारखे जे निघून गेले आणि अजून खुलासे देत बसलेत, तुम्हीही वाचा.

बाबा एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात शेड मॅचिंगला होते. रंगाची बॅच उतरली की कापडाचा एक तुकडा त्यात रंगवायचा, आधी पास झालेल्या तुकड्याशेजारी धरायचा आणि उत्तरेच्या खिडकीतल्या उजेडात दोन्ही बघायचे. ट्यूबलाइटखाली नाही, उन्हात नाही. अंगात रंगीत शर्टही चालत नाही, त्याची छटा कापडावर पडते. म्हणून बाबा जन्मभर पांढऱ्या कपड्यांत. आणि जन्मभर एकच धोशा: "आधी आपला हात बघ, मग माल बघ." म्हणजे बोटांना काही लागलंय का ते पाहा, मग बॅचला नावं ठेवा. मला मार्क कमी पडले तरी हेच ऐकवायचे आणि आईची आमटी खारट झाली तरी हेच. आईचं उत्तर ठरलेलं, "मग उद्यापासून आमटीला तुमचाच हात लावा."

कॉलेजात मुली नाकाला रुमाल लावायची अ‍ॅक्टिंग करून विचारायच्या, डोंबिवली ईस्ट? एमआयडीसीच्या बाजूला? वास येतो ना गं तिकडे? येतो. बरं मग? त्याच वासात मी केमिस्ट्री शिकले.

माझं काम काय ते सांगते, सोपं आहे. हळदीला डीजेचा जांभळा लाइट लागला की सगळ्यांचे बनियन कसे निळे चमकायला लागतात? कपडे धुवायच्या साबणात एक पावडर असते. ती डोळ्याला न दिसणारा उजेड पिते आणि निळा उजेड परत देते, म्हणून पांढरं अजून पांढरं दिसतं. एक उजेड घ्यायचा, दुसरा द्यायचा, याला म्हणतात फ्लुरोसन्स. आता असा रेणू बनवा, जो एरवी गप्प बसेल आणि ठरावीक गोष्ट भेटली तरच चमकेल. झाला तो तुमचा खबरी. पेशीत सोडा, रक्तात सोडा, हवी ती गोष्ट असली की उजेड दाखवतो. माझ्या खबऱ्याने लघवीतलं अल्ब्युमिन शोधायचं होतं. रक्तातलं हे प्रोटीन लघवीत उतरायला लागलं की समजायचं, किडनीची गाळणी सैल पडायला लागली. माणसाला तेव्हा काहीच होत नसतं. जेवतो, फिरतो, भांडतो. तेव्हाच कळलं तर पुढचं पुष्कळ टळतं.

जर्मनीतला पहिला हिवाळा मी रडून काढला, लपवत कशाला. टर्मिन घेतल्याशिवाय, म्हणजे आधी वेळ ठरवल्याशिवाय, तिकडे कोणी शिंकतसुद्धा नाही. रविवारी दुकानं बंद, रस्ते गप्प. आमच्या मजल्यावर रविवारी चार घरांतले चार टीव्ही एकदम चालू असतात आणि त्यात कोणीतरी मटणाला कांदा भाजत असतं. त्या आवाजाची आणि त्या वासाची मला इतकी आठवण यायची की मी एकटीच मोठ्याने गाणी लावून बसायची, आणि मग खालच्या आजी काठीने छत ठोकायच्या.

तिसऱ्या वर्षी रेणू चमकला. निळा, झकास. अल्ब्युमिन जितकं जास्त तितका उजेड जास्त, आलेखावर रेघ पट्टीने मारल्यासारखी सरळ. आमच्या प्रोफेसर बाई, कधी न हसणाऱ्या, त्यासुद्धा हसल्या. काही महिन्यांनी रिव्ह्यू होता. पास झाले तर काँट्रॅक्ट वाढणार, पीएचडी पुरी होणार. नापास झाले तर बॅग भरून मानपाडा. आणि मानपाड्यात आत्या.

रिव्ह्यूच्या आठ दिवस आधी मी घाईत नमुने उलट्या क्रमाने मोजले. एरवी आधी कमी अल्ब्युमिनचे, मग जास्तीचे, हाच रिवाज, म्हणजे जास्तीचा अंश कमीत मिसळत नाही. त्या दिवशी जास्तीपासून सुरुवात केली आणि रेघ उलटी आली. जिथे अल्ब्युमिन जवळजवळ नाही, तिथे सगळ्यात जास्त उजेड. मी नळीत नुसतं पाणी घातलं. रेणू नाही, काही नाही, साधं पाणी. पाणीही चमकलं.

बाबा डोक्यात ओरडले, आधी आपला हात बघ. बघितला. हातात फडकं होतं.

आमच्या लॅबमध्ये सगळे ती चौकोनी काचेची नळी प्रत्येक मोजणीनंतर धुऊन नायट्रोजनच्या झोताने वाळवतात. मला ते बघवायचं नाही. एवढीशी नळी वाळवायला सिलिंडरचा गॅस फुकट घालवायचा? मी आपली आईचं फडकं काडीला गुंडाळून नळी आतून पुसायची. आणि बनियनात वर्षानुवर्षं मुरलेली साबणाची ती पावडर प्रत्येक पुसण्याला थोडी थोडी काचेला लागत होती. रोज सकाळी नळी अ‍ॅसिडने धुवायची, म्हणून पहिल्या मोजणीला ती स्वच्छ, दहाव्या मोजणीपर्यंत नळीत हळदीचा डीजे. महिनोन्‌महिने मी ज्याला अल्ब्युमिन समजत होते ते बाबांचं बनियन होतं! असली काटकसर फक्त आपणच करू जाणे. हसा, आता मीही हसते. तेव्हा बाथरूमची कडी लावून रडलेली.

शेजारच्या टेबलाशी यान बसायचा, चांगला मुलगा. त्याला सांगितलं. तो म्हणाला, रिव्ह्यू होऊ दे, मग गुपचूप पुन्हा मोज. मला मोह झाला, खोटं कशाला बोलू? रेघ हातात होती, कोणाला कळणार होतं? पण मला कळलेलं होतं, त्याचं काय करणार? दुसऱ्या दिवशी सकाळी टर्मिन न घेता मी बाईंचं दार वाजवलं, फडकं त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि त्यावर जांभळा टॉर्च मारला. भक्क निळं. सगळं सांगून टाकलं. त्यांनी टॉर्च घेऊन स्वतः एकदा फडक्यावर मारून बघितला आणि म्हणाल्या, "हे सगळ्यांसमोर सांगशील?"

सांगितलं. पंधरा जणांसमोर. एक सीनियर होता, नाक कायम वर. तो म्हणाला, तुमच्याकडे लॅबमध्ये असंच चालतं का? मी म्हटलं, चूक माझी आहे, माझ्या गावाची नाही. ती मीच शोधली. तुम्ही तीच रेघ बघून टाळ्या वाजवत होतात. आणि त्याच गावातल्या एका माणसाने लावलेल्या सवयीमुळे ती सापडली. त्यानंतर तो चार महिने माझ्याशी बोलला नाही. मला काही फरक पडला नाही. बरं, थोडा पडला.

नीट मोजल्यावर कळलं की रेणू चमकतो, पण आधी दिसला त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाच. रिव्ह्यूत सहा महिने मिळाले. हे शेवटचे, असं बाईंनी बजावलं. यान म्हणाला, फडकं फेकून दे, नायट्रोजन वापर, सगळं सुधारेल. आणि इथेच माझं डोकं सटकलं. जर्मनीत मी फडकं सोडेन रे, पण ही तपासणी चालायची कुठे? कल्याणच्या पलीकडे, आंबिवलीत, खडवलीत. जिथे नळी साबणाने धुतात आणि हाताला लागेल त्या फडक्याने पुसतात. तिथे तुझा नायट्रोजन कोण पोचवणार? बरं, लघवी स्वतःसुद्धा थोडी निळी चमकते. म्हणजे दोष फडक्याला देऊन भागणार नव्हतं, माझा रेणूच नाजूक होता. निळ्यात सगळं जग बडबडतं, मग माझ्या रेणूने निळ्यात बोलायचंच कशाला? त्याला मी लालात नेला. हिरवा उजेड द्यायचा, लाल उजेड बघायचा. तिथे साबणाची पावडर मुकी असते.

सांगायला दोन ओळी. करायला सहा महिन्यांतला जवळजवळ प्रत्येक दिवस लागला. आईला फोन करून आणखी फडकी मागवली. "अगं, तिकडे फडकीसुद्धा मिळत नाहीत? मी म्हटलं नव्हतं?" आई हरखलीच. प्रत्येक नळी मुद्दाम त्याच फडक्यांनी पुसून मोजली, सुलट क्रमाने, उलट क्रमाने, चिठ्ठ्या टाकून. रेघ हलली नाही. पीएचडी झाली, नोकरीही तिथेच लागली, आणि पुढच्या दोन वर्षांत त्या रेणूसाठी डब्याएवढी एक पेटी तयार झाली. ती पहिली कुठे चालवून बघायची यावर बाईंशी भांडले. त्यांना शेजारचं चकचकीत हॉस्पिटल हवं होतं. मी म्हटलं, आधी आंबिवली. आंबिवलीत चालली तर कुठेही चालेल.

आंबिवलीला स्टेशनजवळ माझी शाळेतली मैत्रीण रेश्मा पॅथॉलॉजी लॅब चालवते. यंदा पेटी घेऊन आले ती तिच्याकडे. लोकांचे नमुने घ्यायच्या परवानग्या यायच्या होत्या, त्या दुपारी फक्त पेटी नीट चालते का बघायचं होतं. त्यासाठी एक ब्लँक लागतो, म्हणजे निरोगी माणसाचा नमुना, ज्यात उजेड पडायला नको. बाबा रिटायर झालेत, उत्साह उतू जातोय, सोबत आलेले. म्हणाले, "माझा घे ना. मला काय धाड भरलीय?"

नळी धुतली, रेश्माच्या टेबलावरच्या फडक्याने पुसली, पेटीत ठेवली. आत लाल उजेड पडला.

नळी बदलली. फडकं बदललं. हात धुतले, पुन्हा मोजलं. तरी लाल. फडक्याचा उजेड पडू नये म्हणून मी सहा महिने जीव काढला, आणि त्या दुपारी मनात एकच होतं, हा फडक्याचाच असू दे. रेश्माने तोच नमुना तिच्या नेहमीच्या मशीनवर लावला. तिचंही तेच आलं. बाबा पेटीशी वाकून बराच वेळ आत बघत होते. मग सरळ झाले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "माल पास आहे तुझा."

सुरुवातच आहे, डॉक्टर म्हणाले. बीपी कधीचं वाढलेलं, गोळ्या मनाला येईल तेव्हा. आता गोळ्या रोज, मीठ कमी, लोणचं बंद, आणि लोणच्यावरून घरात रोज महाभारत. एक कबूल करते. साधी तपासणी आमच्या नाक्यावरच्या लॅबमध्येही होती. कोणी केली नाही. मी सात वर्षं फोनवर "जेवलात का" विचारलं, बीपीचं विचारलं नाही. तेवढं माझ्या डोक्यावर आहे. बाकी मी कोणाचं काही लागत नाही.

बातमी ऐकून आत्या आली. बाबांकडे बघून डोळे पुसले आणि म्हणाली, "पोर जवळ असती तर वेळेत कळलं असतं."

मी चहा ठेवायला उठलेली. तिथेच थांबले. म्हटलं, "आत्या, वेळेतच कळलंय. तू एका स्टॉपच्या अंतरावर राहतेस, तुला कळलं? मी इथे असते तर मीसुद्धा सोफ्यावर बसून बाबा ठणठणीत आहेत म्हटलं असतं. मी टाकून गेले नाही. कामाला गेले. आणि तू बाबांपेक्षा चार वर्षांनी मोठी आहेस, कळलं? उद्या सकाळची बाटली घेऊन रेश्माकडे ये." आई स्वयंपाकघरातून, "अगं, मोठ्यांशी बोलायची काय रीत ही!" आत्या तोंड फुगवून निघून गेली.

पुढच्या आठवड्यात मी परत जातेय, पेटी रेश्माकडे ठेवून. तिकडे विचारतात, घर कुठे तुझं? इकडे विचारतात, आता तिकडेच घर करणार का? पूर्वी गोंधळायची, आता नाही. ज्यांच्याकडे मी बेधडक लघवीची बाटली मागू शकते ती माणसं माझं घर, मी कुठेही राहीन.

आणि आत्या? त्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आंबिवलीला हजर होती. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. बाटली तेवढी पदराखालून काढून पुढे केली.