घरभर वारा की एकाच खोलीत

माझं पहिलं बाळंतपण माहेरी, राहुरीजवळच्या आमच्या मळ्यातल्या घरी, आणि तेही भर मे महिन्यात! दुष्काळाच्या आधीचा उन्हाळा तो. विहिरीला पाणी होतं. सातव्या महिन्यात मी आले आणि दुसऱ्याच दिवशी पदरानं वारा घेत जाहीर केलं, की या उकाड्यात मला बाळंत व्हायचं नाही. झालं! वडील आणि दादा दोघंही साखर कारखान्यात, एक फिटर, दुसरा वायरमन. लेकीसाठी कूलर करायचा म्हणून दोघांच्या अंगात जे संचारलं, त्याला तोड नव्हती.

यंत्राबद्दल वाद नव्हता. पत्र्याची मोठी पेटी, आत पंखा, तीन बाजूंना वाळ्याचे पडदे, वर भोकं पाडलेला डबा आणि त्यात बादलीनं पाणी. वाद होता तो वारा न्यायचा कुठे यावर. दादा म्हणे, पेटी हिच्या खोलीच्या खिडकीत ठोका, दार लावा, संपलं. वडिलांना ते पटेना. त्यांना पेटी ओसरीवर हवी होती आणि तिथून पत्र्याचं नळकांडं घरभर, खोलीगणिक एक तोंड.

"एका घरात एकाला माघ आन् बाकीच्यांना वैशाख? न्हाई चालायचं," वडील म्हणाले.

"आबा, चार तोंडं केल्यावर समद्यांना फुंकर मिळंल. वारा कुनालाच न्हाई."

मी अर्थातच दादाच्या बाजूची. वारा सगळा मला मिळणार म्हटल्यावर कोण घरभर वाटेल? आई चुलीपाशी डिंकाचे लाडू वळत होती. ती काही बोलली नाही, तेव्हा तिला दोन्ही मान्य आहे असं आम्ही धरून चाललो.

शेवटी वडिलांचंच चाललं. मोडीतले पत्रे आले, नळकांडं झालं, सांधे खळ लावलेल्या कागदांनी बुजवले. बटण दाबलं आणि घरात विमान उतरल्यासारखा आवाज झाला. वडील उदबत्ती घेऊन एकेका तोंडाखाली उभे राहिले, धूर हलला की "आला! आला!" म्हणून ओरडायचे. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई बाहेर आली. परातीतलं सगळं पीठ तिच्या अंगावर आणि चुलीतली राख पिठावर. आम्ही हसून हसून लोळलो. मी तर पोट धरून. स्वयंपाकघराचं तोंड मात्र त्याच संध्याकाळी पत्र्यानं बंद झालं.

आणि मग मला मुलगी झाली. मी डोळे मिटून वाऱ्याची वाट बघत पडले होते, तर आई गोधडीचा बोळा घेऊन आली आणि माझ्या खोलीतल्या तोंडात तो तिनं गच्च कोंबला. बाजेखाली शेगडी सरकवली, त्यावर शेपा-ओवा टाकला, माझे कान फडक्यानं बांधले.

"आई, अगं कूलर!"

"बाळंतिनीला वारं बाधतं. एवढं बी ठावं न्हाई व्हय?"

वडील आणि दादा दारात उभे. पंधरा दिवस दोघं कडाकडा भांडले होते, पण आईला विचारायचं दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. दादाला हसू आवरेना. माझ्यासाठी केलेल्या वाऱ्यात माझ्याखेरीज आसपासच्या मळ्यांतली सगळी मंडळी येऊन झोपू लागली. माजघरातलं घोरणं मला शेगडीवर भाजत असताना ऐकू येई. मला राग राग येई. लेकीच्या अंगावर घामोळं उठलं, ती दिवसरात्र रडे, आणि आई तिला मांडीवर घेऊन माझ्याशेजारीच बसून असे.

बाराव्या दिवशी बारसं. पाळणा माजघरातच बांधायचा, कडी तिथेच. नेमकी ती कडी नळकांड्याच्या तोंडाखाली. बायकांनी पाळणा म्हणेपर्यंत लेक झोपलीसुद्धा, मूठ उघडी टाकून. कार्य आटोपल्यावर आईनं तिला आत आणायला उचललं की टाहो, परत ठेवलं की गपगार. तीनदा झालं. बायका खुदूखुदू हसत होत्या आणि मी आतून दाराच्या फटीला डोळा लावून देवाला आळवत होते.

आईनं तिला पुन्हा पाळण्यात ठेवलं. मग दादाला म्हणाली, "हिची बाज भाईर आन."

मी बाहेर आले. वाळ्याचा ओला वास, गार वारा. मला रडूच फुटलं आणि रडता रडता हसूही. आईनं माझे कान नीट बांधले, पाळण्याची दोरी हातात घेतली आणि भिंतीला टेकून बसली. तिच्या गळ्यावर, मानेवर, कोपरापर्यंत घामोळं उठलेलं होतं, लेकीपेक्षा जास्त. चूल आणि माझी शेगडी, बारा दिवस ती या दोहोंमध्येच होती.

तिनं तोंड वर केलं आणि डोळे मिटले.

"लई गार हाय की गं," ती म्हणाली.