उक्कुबंडा मामाचा होकार

आमच्या विहारात पौर्णिमेच्या दुपारी कथामंडळी बसते. पुंचिराळ गोष्ट सांगतो, मी चटया अंथरतो आणि उक्कुबंडा मामा ‘एहेयि’ म्हणतो. म्हणजे ‘होय, तसंच झालं’. सांगणारा थांबला की एहेयि यायलाच हवं. नाही आलं तर गोष्ट जागेवर अडते. घोड्यावर चढणारा राजा बिचारा एक पाय रिकिबीत घालून लटकत राहतो. मामाने असे कितीतरी राजे सुखरूप खोगिरावर बसवलेत. एरवी माडाचा गूळ करणारा हा किडकिडीत माणूस, पण त्याचं एहेयि भातखाचरांपलीकडे ऐकू जातं.

त्या पौर्णिमेला सकाळीच मामा माझ्याकडे आला. कपडे पांढरे, चेहरा त्याहून पांढरा.

“पुंचिराळचा घसा बसला म्हणे?”

“पार बसलाय. धन्याचा काढा पितोय. आज शेजारच्या गावचा सुमनपाल सांगणार.”

हे मला दोनदा ओरडावं लागलं. मामा ओट्यावर मटकन बसला.

“मग मी मेलो. मला ऐकू येत नाही रे. कुणाला सांगितलंस तर माडावरून ढकलून देईन.”

“मग इतके दिवस कसं जमलं?”

“पुंचिराळचा पंखा. थांबला की तो पंखा गुडघ्यावर टेकवतो. टेकवला की मी म्हणतो.”

“आज बरं नाही म्हणून सांग की.”

“आणि जागा सोडू? तिथे माझा बाप बसायचा. एकदा उठलो की हीनमेनिके आत्याचा जावई बसेल. त्याच्या तोंडातून जेवणानंतर जांभईशिवाय काही निघत नाही!”

“मी शेजारी बसून चिमटा काढू?”

“सगळ्यांसमोर? त्यापेक्षा बहिरा बरा.”

दुपारी उकाडा असा की बुद्धमूर्तीपुढची फुलंही माना टाकून बसलेली. सुमनपालही पंखा घेऊनच आला. पण हा पंखा गोष्टीसाठी नव्हता, घामासाठी होता. वाटेल तेव्हा वर, वाटेल तेव्हा गुडघ्यावर.

“त्या गावात एक विधवा—”

“एहेयि!”

सुमनपाल दचकला. हीनमेनिके आत्या मोठ्याने म्हणाली, “आज मामाला घाई आहे. घरी गूळ उतू चाललाय वाटतं!” बायका हसल्या. मामाही हसला, कारण सगळे हसत होते. मी मात्र घामाने चटई भिजवली.

गोष्ट पुढे सरकली. विधवेचा मुलगा पुरात पडतो, कासव त्याला पाठीवर घेतं. इकडे आई धावत नावाड्याकडे येते आणि विचारते, “बुडाला का रे माझा मुलगा?” इथे नावाड्याने पैलतीराकडे बोट दाखवायचं. पण सुमनपाल थांबला, मान पुसली आणि पंखा गुडघ्यावर ठेवला.

“एहेयि!” मामा गरजला.

सगळी मंडळी सुन्न. एका म्हातारीने डोळ्यांना पदर लावला.

“अगं बाई,” हीनमेनिके म्हणाली, “मग ते कासव काय करत होतं?”

मामाने समोरचे चेहरे पाहिले आणि त्याला उमगलं. त्याने एक हात जमिनीला टेकला. उठणार होता.

“...असं त्या नावाड्याला वाटलं,” सुमनपालने घाईघाईने सावरलं.

तेवढ्यात माझ्या शेजारी, मफलर गुंडाळून मुका बसलेल्या पुंचिराळने पिशवीतून आपला पंखा काढला. उंच धरला. सुमनपालचं वाक्य संपलं. पंखा पुंचिराळच्या गुडघ्यावर आला.

“एहेयि,” मामा म्हणाला. हलकेच, पण बरोबर जागी. जमिनीवरचा हात त्याने मांडीवर घेतला.

मुलगा तीराला लागला, म्हातारीने पदर खाली घेतला. मी डोळे फाडून पुंचिराळकडे पाहिलं. त्याने नुसते ओठ हलवले, “गप्प बैस.”

संध्याकाळी परतताना मामा म्हणाला, “वाचलो बाबा! नशीब, पुंचिराळला उकडत होतं.”

“हो ना!”

“त्याला काही कळलं नसेल ना?”

“छे!” मी इतका ओरडलो की मागून येणाऱ्या पुंचिराळने चाल मंद केली.

मामा चार पावलं पुढे गेला. मग थांबला.

“पुढच्या पौर्णिमेपर्यंत सुटेल ना रे घसा त्याचा? नुसत्या धन्याने काय होतंय? काढ्याबरोबर चघळायला गूळ लागतो. चल, आत्ताच नेऊन देऊ.”