चाकं घडवणाऱ्या घरातले टोपणवाले नाना

नाना पहिल्यांदा माझ्या वर्गात आले, तेव्हा मी फळ्यावर सुरई काढून दाखवत होतो. पायात कोल्हापुरी, धोतराला लाकडाचा भुसा आणि हातात एक कंगवा. दारातूनच त्यांनी नमस्कार केला आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही वस्तूचं चित्र काढता. मला वस्तूच्या भोवतीचं काढून हवंय."

"भोवतीचं म्हणजे?"

"हा कंगवा लोखंडात दाबला तर जो खड्डा पडेल, त्याचं. मापानिशी."

वर्गातली मुले हसली. मी हसलो नाही, कारण मला ते जमेल की नाही, हे कळत नव्हते. ते जमवता जमवता मी शाळा सोडून त्यांच्या कारखान्यात कधी रुजू झालो, हे माझे मलाच नीट सांगता येत नाही. श्री. शंकरराव पांचाळ, अर्थात आम्हा सर्वांचे नाना, यंदा साठ वर्षांचे झाले. त्यांच्याविषयी लिहिण्याचा मान मला मिळाला, यात माझ्या लेखणीपेक्षा पेन्सिलीचा वाटा मोठा आहे.

पांचाळांचे घराणे बैलगाडीच्या चाकांचे. पनवेलची गाडी म्हटली की चाकाचे आरे, मधले तुंबे, कडेची लोखंडी धाव सगळे घोटून केलेले, हा लौकिक त्यांच्या आजोबांपासूनचा. पण दुसरे महायुद्ध संपले, रस्त्यावर मालमोटारी वाढल्या आणि चाकांची मागणी ओसरू लागली. नाना धावेचे लोखंड आणायला मुंबईला गेले असता एका गल्लीत त्यांनी हातमशीन पाहिले. दांडी ओढली की साचा मिटे, वितळलेले प्लास्टिक त्यात जाई आणि साचा उघडला की कंगवा तयार. लोखंड आणायचे राहिले. नाना दुपारभर तिथेच उभे होते.

घरी परतल्यावर त्यांचे धाकटे बंधू सदाशिवराव चांगलेच भडकले. "दादा, आपलं चाक दोन पिढ्या चालतं. हा कंगवा दोन महिने टिकणार नाही!"

"म्हणूनच लोक दुसरा घेतील," नाना म्हणाले. "चाक दुसऱ्यांदा घ्यायला कोण आलंय?"

सदाशिवराव रागावून आपली हत्यारे घेऊन शेजारच्या पडवीत गेले आणि तिथे एकटेच चाके करू लागले. दोघा भावांचे बोलणे तुटले आणि सदाशिवराव जेवायलाही पडवीतच बसू लागले. नानांना हे फार लागले होते. पण त्यांनी भावाविषयी बाहेर कधी वावगा शब्द काढला नाही.

नानांनी मुंबईहून आणलेले एक जुने हातमशीन चाकांच्या शेडमध्ये बसले. मुंबईच्या गोदीत फिटर असलेले गफूरभाई गावी परतले होते. त्यांनी माझ्या चित्रावरून साचा घासून काढला. पहिला कंगवा निघाला तो निम्म्या दातांचा. नानांच्या पत्नी माईंनी तो केसांतून फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "अर्ध्या डोक्याची सोय झाली. उरलेल्याचं बघा." गफूरभाई इतके हसले की त्यांना चहाचा ठसका लागला. पुढच्या आठवड्यात दात पूर्ण आले.

नानांचा खरा कस लागला तो दुसऱ्या वर्षी. मुंबईच्या एका व्यापाऱ्यांचे कंगव्यांचे मोठे काम हाती होते. मशीनवर नेरे भागातल्या बायजाबाई बसत. हात वाऱ्यासारखा चाले. एका सकाळी अडकलेला कंगवा काढायला त्यांनी एक हात आत घातला आणि दुसऱ्या हाताने दांडी खाली आली. बोटाचे टोक गेले. नानांनी स्वतः टांग्यातून त्यांना डॉक्टरांकडे नेले, पट्टी होईपर्यंत शेजारी बसले. परत आले ते सरळ मशीनपाशी गेले आणि दांडीच काढून ठेवली.

चौथ्या दिवशी व्यापाऱ्यांचा माणूस हजर. "नाना, दुसरी बाई बसवा. माल वेळेवर नाही आला, तर पुन्हा आमच्याकडे येऊ नका."

"ठीक आहे, येत नाही," नाना म्हणाले. "पण हात आत असताना जोवर हे मशीन मिटतं, तोवर मी त्यावर कुणालाच बसवणार नाही."

काम गेले. त्या वेळी आमच्याकडे दुसरे गिऱ्हाईक नव्हते, हे मुद्दाम सांगतो. मी घरी गेलो तो शाळेत परत जागा मिळेल का, याचा विचार करतच.

नाना आणि गफूरभाई दोन दांड्यांची युक्ती जुळवत बसले. दोन्ही हातांनी दोन बाजूंच्या दांड्या एकदम ओढल्या तरच साचा मिटायचा. युक्ती जमली, पण लोखंडी मुठी तळहाताला सोलून काढत. तेव्हा पडवीतून सदाशिवराव आले. त्यांनी मुठींचे माप घेतले आणि संध्याकाळपर्यंत बाभळीच्या दोन गुळगुळीत मुठी कातून आणून बसवल्या. नाना मुठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "सदा, जेवायला चल." माझ्या समजुतीप्रमाणे भावांचे भांडण तिथेच मिटले.

बायजाबाई पट्टी बांधलेल्या हाताने पाहायला आल्या. बाकीच्या बायका मागे उभ्या. "आमी नाय बसनार त्या मशीनवर," त्या म्हणाल्या. नानांनी स्वतःचा हात साच्यात ठेवला. "बायजाबाई, एका हातानं ओढा."

त्यांनी ओढले. अंगाचा भार टाकून ओढले. साचा जागचा हलला नाही. "आता बसतंय मी," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. आज त्याच आमच्या तपासणी खात्याच्या प्रमुख आहेत आणि त्यांनी नाकारलेला माल नानाही पाठवू शकत नाहीत.

कामाचे काय? तेही त्या दवाखान्यानेच दिले. पट्टी होत असताना नानांची नजर औषधाच्या बाटल्यांवर गेली होती. खाडीच्या खाऱ्या हवेने पत्र्याची झाकणे गंजलेली. डॉक्टर म्हणाले, "न गंजणारं टोपण करून द्या, मी पहिला गिऱ्हाईक." मी टोपणाच्या आतल्या, फिरवून बसवायच्या आट्यांचे चित्र काढले, गफूरभाईंनी साचा केला. पहिली टोपणे गळली. नानांनी माईंच्या कपड्यांच्या दोरीवर पाण्याच्या बाटल्या उलट्या टांगल्या आणि खाली कोरडे वर्तमानपत्र पसरले. आठवडाभर कागद भिजत होता आणि माई ओली लुगडी हातात घेऊन जागा शोधत होत्या. ज्या दिवशी कागद कोरडा राहिला, त्या दिवशी नाना तो कागद घेऊन गल्लीभर फिरले. पुढे डॉक्टरांच्या ओळखीने मुंबईचे औषधवाले आले, आणि पांचाळांचा कारखाना तेव्हापासून थांबलेला नाही. आता सदाशिवरावांचे दोन्ही मुलगे साचे घडवतात.

नानांचे दोष सांगितले नाहीत तर लेख खोटा वाटेल. ते हट्टी आहेत, चहा गार करून पितात आणि गुडघा दुखत असला तरी कर्नाळा किल्ल्याचा चढ चढण्याची पैज लावतात. पण कामावरच्या माणसाला त्यांनी कधी एकेरीत हाक मारलेली मी ऐकली नाही.

नानांना उदंड, निरामय आयुष्य लाभो. त्यांनी शंभरी पाहावी, आणि त्या दिवशीही सकाळी आठला कारखान्याच्या दारात उभे राहून, उशिरा आलो म्हणून आम्हा सगळ्यांना रागवावे. आम्ही आनंदाने ऐकून घेऊ.